डावीकडचा उजेड

“अजून मागे घे,” ओस्मोनकुल म्हणाला. “बस. आता दिवे लाव.”

मेदेरने दिवे लावले. तपासणी केंद्राच्या आवारातली ती भिंत चुन्याने पांढरी केलेली होती आणि तिच्यावरची आडवी काळी रेषा ओस्मोनकुलने स्वतःच्या हाताने ओढलेली होती. उजेड रेषेखाली पडला खरा. परंतु दोन्ही दिव्यांच्या उजेडाचे डावे टोक रेषा ओलांडून वर चढले होते.

“पास ना, मामा?” मेदेरने खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले.

“नापास.”

“अहो, काय नापास? स्टिअरिंग बघा की! उजवीकडचं काढून डावीकडे बसवलंय. उजव्या स्टिअरिंगची गाडी नोंदवायची नाही, एवढंच तर म्हणतो कायदा!”

“स्टिअरिंग बदललंस. गाडीचे डोळे अजून जपानीच आहेत.”

कायदा एवढेच म्हणत नव्हता. स्टिअरिंगच्या कलमाला लागूनच दिव्यांचे कलम होते. मात्र माणसे पहिले कलम वाचून थांबत, आणि त्यांचे थांबणे सोयीचे असल्यामुळे त्यांना कोणी पुढे ढकलत नसे. जपानात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. तिथल्या दिव्याने डावीकडे किंचित वर पाहावे, कडेने चालणारा माणूस दाखवावा, अशी त्याची घडण असते. इथे गाड्या उजवीकडून चालतात. इथे डावीकडे कडेचा माणूस नसतो. समोरून येणारा चालक असतो. ओस्मोनकुलने तरुणपणी खिंडीपलीकडे बस चालवली होती. खिंडीच्या माथ्यावरच्या बोगद्यात भरदुपारीही काळोख असतो, आणि त्या काळोखात असा एक दिवा डोळ्यांत घुसला की भिंत, रस्ता, स्वतःचे हात, सगळेच क्षणभर नाहीसे होते, हे त्याला कोणत्याही कलमावाचून ठाऊक होते.

“मग डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचे दिवे घाल,” तो म्हणाला.

“बाजारात नाहीत. मागवलेत, पण यायला महिना लागेल. आणि या आठवड्यानंतर फिरवलेल्या स्टिअरिंगच्या गाड्यासुद्धा नोंदणीला घेणार नाहीत, तुम्हीच सांगितलंत की! मग काय करू? सुटे भाग करून विकू? आईनं गाई विकल्यात हिच्यासाठी. आज दुपारची सवारी ठरलीय, पलीकडे तलासला. चार माणसं घरी येऊन बसलीत.”

शेजारच्या खोलीतून जेनिश हा तरुण तपासनीस चहाचा पेला घेऊन बाहेर आला. “ओसोके, द्या की सोडून,” तो हसत ओस्मोनकुलला म्हणाला. “तुमच्या भिंतीपायी अर्धा जिल्हा पायी चालतोय.”

“तू तुझा चहा पी.”

मेदेर गाडीतून उतरला, मामासमोर उभा राहिला, आणि त्याच्या आवाजातला लाडिकपणा गेला.

“मामा, मी भाचा आहे तुमचा. आजवर तुमच्या दारात हक्कानं काही मागितलं? घोडा मागितला? मेंढरू मागितलं? आज मागतोय.”

बहिणीच्या मुलाने आजोळी येऊन ज्या वस्तूवर बोट ठेवावे ती त्याची, हा त्यांच्यातला रिवाज कायद्याहून जुना होता, आणि तो मोडणाऱ्याला पंगतीत कोणी नाव घेऊन हाक मारीत नसे. जेनिशनेही पेला खाली घेतला.

ओस्मोनकुलने खोलीतून काळ्या चिकटपट्टीचे वेटोळे आणले. गुडघे टेकून त्याने दोन्ही दिव्यांच्या काचांवर तिरपी पट्टी चिकटवली, पुन्हा पुन्हा उठून भिंत पाहिली, पट्टी बोटभर सरकवली. शेवटी वर चढलेले टोक विझले. रेषा कोरी राहिली.

“हे नियमात नाही,” तो म्हणाला. “पण बोगद्यात समोरचा वाचेल. नवे दिवे येईतो पट्टीला हात लावायचा नाही. भाकरीवर हात ठेव.”

मेदेरने मामाच्या डब्यातल्या भाकरीवर तळवा ठेवला. “हात लावला तर ही भाकरी मला मारो.”

ओस्मोनकुलने शिक्का मारला. असा शिक्का त्याने कधी मारला नव्हता. तो त्या ओल्या शाईकडे पाहत राहिला. भाच्याने घाईने फुंकर मारून कागद उचलला.

दुपार कलल्यावर ओस्मोनकुल बहिणीच्या, मेदेरच्या आईच्या, घरी गेला. नवी गाडी आली की नातलगांनी जेवायला यायचेच. उमसुनायचे घर खिंडीच्या पायथ्याशी, हमरस्त्याला लागून होते. दारातल्या मातीवर गाडीच्या चाकांचे ताजे ठसे होते, आणि जाळलेल्या जुनिपरच्या डहाळ्यांचा वास अजून हवेत होता.

“उशीर केलास, ओस्मोन! गेला तो दोन तासांपूर्वी. आता बोगदा ओलांडलाही असेल बघ,” उमसुनाय म्हणाली. तिचा चेहरा कधी नव्हे इतका फुलला होता. “छान निरोप दिला मी त्याला. धुरी फिरवली, चाकांवर दूध ओतलं, वाट पांढरी होवो म्हटलं. पण तुम्हा पुरुषांना काही कळत नाही, हो!”

“काय झालं?”

“अरे, नव्या गाडीच्या डोळ्यांवर काळं! सुतकात बांधतात तसं! पहिल्याच दिवशी पोराला कोणी तसं धाडतं का? तो बसला होता आत, सवाऱ्यांशी बोलत. मी पुढे दूध शिंपडता शिंपडता दोन्ही ओढून काढली. काच कशी लख्ख झाली! त्याला कळलंसुद्धा नाही.”

ओस्मोनकुलने फोन काढला. खिंडीत फोन लागत नसे, हे त्याला माहीत होते. तरी त्याने लावला, ठेवला, पुन्हा लावला.

“काय रे? असा का झालास?” तिने विचारले. “बस ना. मांस थंड होतंय.”

तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. या वेळी खिंडीवरून कोळशाचे ट्रक, मेंढरांच्या गाड्या, बस यांची रांग एकामागून एक खाली उतरत असते. त्या आवाजात दोन वाक्ये सलग बोलता येत नाहीत. वर जाणाऱ्या दोन गाड्या त्याच्यासमोरून गेल्या. बोगद्याकडून खाली कोणीच येत नव्हते. वळणापर्यंतचा सगळा रस्ता रिकामा होता.

“आज किती शांत आहे नाही?” उमसुनाय मागून येत म्हणाली. दुधाचे रिकामे भांडे तिच्या हातात होते.

“पट्ट्या कुठे टाकल्यास, ताई?”

तिने घाबरून कोटाच्या खिशातून एकमेकींना चिकटलेला काळा गोळा काढून दिला. ओस्मोनकुल तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसला, आणि वळणाकडे पाहत, नखाने हळूहळू एक पट्टी दुसरीपासून सोडवू लागला.