नेणाऱ्याला मिळालेलं घर

दुपारी तीनच्या सुमारास तो दारात येऊन उभा राहिला आणि आईने शिलाई मशीन थांबवून विचारलं, "कोण हवंय?"

आतल्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत बसलेली मुलगी ताडकन उठली. आईला तो दिसला होता. जीव नेणारा दिसतो तो फक्त ज्याला न्यायला आलाय त्यालाच.

चार वर्षांपूर्वी मुलगी पुलावरून नदीत पडली, तेव्हा तो तिलाही न्यायला आला होता. बुडता बुडता तिने त्याला अशी काही शिवी हासडली, की त्याला हसू फुटलं. आजवर सगळे त्याला घाबरले होते, चिडलं कुणीच नव्हतं. त्याने तिला काठावर आणून सोडलं, पण तिला तो त्यानंतरही दिसत राहिला, आणि रोज दुपारी तिच्यापाशी येऊन बसू लागला. नेणाऱ्यांच्या मुकादमाने दोघांना तोडायला काय नाही केलं! तिच्या आठवणी पुसल्या, तरी महिन्याभरात ती पुन्हा त्याच्याच प्रेमात पडली. त्याला वर्षभर कोंडून ठेवलं, तर ती रोज पुलावर जाऊन मुकादमाचा उद्धार करून यायची.

आता हा मुकादमाचा शेवटचा डाव होता.

ती धावत येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली. "आईला न्यायला तू आलास?"

"धाडलंय मला. पण मी नेणार नाही. तेवढं सांगायला आलो."

त्याच्यामागून राखाडी कोटातला मुकादम आत आला. तो मात्र हवं त्याला दिसू शकायचा. "नेलं नाहीस तर आजच विरून जाशील," तो शांतपणे म्हणाला. "नेलंस तर ही तुझं तोंड बघणार नाही. कसंही झालं तरी प्रकरण मिटतंय."

"आईची वेळ झालीय का?" मुलीने विचारलं.

"वेळ मी ठरवतो."

"म्हणजे झालेली नाही."

"तू थांब गं जरा." आई उठून नेणाऱ्यासमोर आली. तिने त्याला नीट न्याहाळलं. "आमच्या ह्यांना तूच नेलंस?"

मुलीने मान खाली घातली. त्याच्याबद्दल बाकी सगळं तिने आईला सांगितलं होतं, एवढंच लपवलं होतं.

"हो," तो म्हणाला.

"कसे गेले? मी औषध आणायला खाली गेले होते. नऊ वर्षं झाली, पण हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही."

"त्यांना दुखत नव्हतं. तुमच्या चपलांचा आवाज जिन्यात येईपर्यंत थांबशील का, म्हणाले. मी थांबलो. आवाज आला. 'आली ती,' म्हणाले, आणि माझ्याबरोबर निघाले."

पदराने तोंड पुसून आई मुकादमाकडे वळली. "नेणाऱ्याला कुणी आपलं मानलं तर काय होतं?"

उत्तर नेणाऱ्यानेच दिलं. "तो माणूस होतो. आणि त्या घरातून कुणाला वेळेआधी नेता येत नाही. पण घरातल्या मोठ्या माणसाने समोर बघून तसं म्हणावं लागतं. आम्ही कुणाला दिसतो कुठे?"

"मग याला माझ्यासमोर आणून उभं केलंत, हे तुमचं चुकलंच," आई मुकादमाला म्हणाली. "हा माझा जावई. निघा आता."

मुकादमाचा चेहरा उतरला. "बाई, तो म्हातारा होईल. आजारी पडेल. एक दिवस मीच येईन त्याला न्यायला."

"या की," मुलगी म्हणाली. "वेळ झाली की या. त्याच्या आधी पाऊल टाकलंत, तर दारात मी आहे."

मुकादम आला तसा गेला. नेणारा भिंतीला टेकून खाली बसला आणि छातीवर हात दाबून धरला. "आत काहीतरी धडधडतंय," तो घाबरून म्हणाला.

"तसंच असतं ते." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच तो गरम लागला. तिला रडू आवरेना.

आईने गळ्यातली टेप काढली. "ऊठ. अंगावरचं हे काय घातलंयस, तुझं तुलाच माहीत. शर्टाचं माप घेऊ दे. आणि एक ध्यानात ठेव, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही."

"हो, आई," तो म्हणाला आणि हात पसरून उभा राहिला.