अंगठा घेणारा पॅड

शेंगदाण्याची दोन टरफले. स्वारगेटच्या बसचे अर्धे तिकीट. वाळून दगड झालेला डिंक. एक किल्ली, जिचे कुलूप हरवले आहे.

मित्रांनो, या खणात माझे एवढेच सोबती. मी एक जुना, पत्र्याच्या डबीतला शाईचा पॅड आहे.

१९९१ साली मी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत आलो. शेतकऱ्यांना बियाण्याचे अनुदान तिथून मिळे. माझी जागा दिगंबरराव कारकुनांच्या टेबलावर. शेतकरी आला की ते त्याचा अंगठा स्वतः धरत, माझ्यावर टेकवत आणि नोंदवहीत डावीकडून उजवीकडे लोळवत. मग लोक बोटाची शाई डोक्याच्या केसांना पुसत.

"सरकारी तेल आहे, लावा," दिगंबरराव म्हणत.

सगळे हसत. मला वाटे, हे मलाच भेटायला आले आहेत. पण अंगठा उचलल्यावर कोणी मागे वळून पाहत नसे. हजारो स्पर्श झाले, ओळख कोणाशीच झाली नाही.

एका सुंदराबाईंना मात्र मी ओळखू लागलो. हवेली तालुक्यातल्या गावाहून त्या दर हंगामाला येत. तीस गुंठे रान त्यांच्या स्वतःच्या नावावर, त्यात कांदा. कांद्याची पात कापून कापून त्यांचा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता, की वहीत नुसता जांभळा ठिपका उमटे. दिगंबरराव तो चालवून घेत. माणूस समोर उभा असताना अंगठ्याला काय विचारायचे, असे त्यांचे म्हणणे.

२००६ साली संगणक आला. तेव्हा तो पुण्यात सगळीकडेच येत होता. जुन्या वह्यांतले ठसे त्यात उतरवले गेले. माझ्या जागी काचेचे छोटे यंत्र बसले आणि मी खणात गेलो. आता अंगठा जुन्या ठशाशी जुळला तरच अनुदान.

त्या वर्षी सुंदराबाईंना तीन खेपा पडल्या. यादी शुक्रवारी बंद होणार होती. अनुदान मिळाले नाही, तर बियाणे येणार नव्हते आणि रान पडीक राहणार होते. मी खणातून ऐकत होतो.

"साहेब, ह्यो अंगठा माजाच हाय."

"अंगठा तुमचाच आहे, आजी. यंत्र रेषा मागतंय. मी कधी मागितल्या नव्हत्या."

"मंग तुमीच सांगा की त्येला. पंधरा वर्सं माजा हात तुमीच धरताय."

दिगंबररावांनी खण ओढला.

त्यांनी मला बाहेर काढले. मी कोरडा पडलो होतो. त्यांनी पाण्याचे चार थेंब टाकले, कोऱ्या कागदावर ठसा घेतला आणि खाली लिहिले, या बाईंना मी ओळखतो. वरच्या साहेबांनी कागद परत पाठवला. अशी ओळख नियमात बसत नव्हती.

शुक्रवारी यादी बंद झाली. सुंदराबाई पुन्हा आल्या नाहीत. पुढे दिगंबररावही निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझे झाकण लावले, तेही तिरके.

मित्रांनो, झाकण नीट लावा म्हणजे पॅड वाळत नाही, एवढेच मी एरवी सांगितले असते. पण आज वेगळे मागणे आहे. कोणाचाही हात धरण्याआधी त्याला एकदा विचारा.

१९९१ साली, पहिल्याच दिवशी, सुंदराबाईंनी सही करायला पेन मागितले होते आणि दिगंबररावांनी मान वर न करता मला पुढे सरकवले होते.