तंतू तोडणारी ढवळणी

मित्रांनो, मी एका टाकीतली पोलादी ढवळणी. वयाने जुनी, पण गंज म्हणाल तर औषधालाही सापडायचा नाही! माझा जन्म संगमनेरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. पहिली बारा वर्षे मी एका डेअरीत लोणी काढलं. कानिफनाथ तेव्हा माझं बटण सांभाळायचा. जितकं जोरात फिरू तितकं लोणी लवकर, एवढंच शास्त्र आम्हा दोघांना ठाऊक. लोक कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे.

पुढे डेअरी बंद पडली. संगमनेरशेजारच्या अकोले तालुक्यातल्या एका शेतकरी गटाने मला आणलं, आणि माझ्यामागोमाग कानिफनाथही आला. इथे टाकीतल्या गोड पाण्यात एक उपकारी बुरशी वाढवतात. भाताच्या बियाण्याला ती चोळली की रोपं कुजत नाहीत. तिचे तंतू केसाहून बारीक. त्यांना हवा मिळावी म्हणून मी फिरायचं, इतकंच काम.

पण पहिली टाकी वाया गेली, दुसरीही गेली. टाकीची जबाबदारी पंकजावर होती. तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर तंतूंचा नुसता भुगा! "माझंच काहीतरी चुकतंय. आता तिसरी फसली तर मी नोकरी सोडणार," असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. मला फार वाईट वाटलं.

कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. तंतू वाढले की पाणी पिठल्यासारखं दाट व्हायचं. पंकजा जेवायला गेली की कानिफनाथ माझा वेग दुप्पट करायचा. बिचाऱ्याला वाटायचं, आपण मदतच करतोय! माझ्या पात्यांच्या कडेला पाणी असं हिसके देत धावायचं, की त्या कोवळ्या तंतूंच्या चिंध्या व्हायच्या. मी मात्र जुन्या मस्तीत गरगरत राहायचे. आज त्याची लाज वाटते.

तिसरी टाकी भरताना पंकजाने त्याला मोबाईलवर दुसऱ्या टाकीचे दोन फोटो दाखवले. जेवणाआधी लांबसडक तंतू, जेवणानंतर भुगा.

"कानिफदादा, या तासाभरात काय होतं हो?"

गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याचा चेहरा उतरला.

"ताई, तुमचं काय बी चुकलं न्हाई. मीच येग वाढवायचो. लोण्यावानी जोरात घुसळलं की लई पीक येईल, असं वाटलं हुतं."

पंकजा चांगलीच रागावली. मग तिलाच हसू आलं. "अहो दादा, लोण्याला जीव नसतो, याला आहे!"

नुसता वेग कमी करून भागणार नव्हतं, हवाही हवीच होती. म्हणून आसाराम वेल्डरने माझी पाती रुंद आणि तिरकी केली. ठोके खाताना दुखलं नाही, असं खोटं कशाला सांगू? पण आता मी सावकाश फिरले तरी तळाचं पाणी वर येऊ लागलं.

सहाव्या दिवशी पंकजा ओरडलीच, "दादा, या, बघा तरी!" तंतू अगदी धडधाकट होते. कानिफनाथने डोळे पुसत पुसत दोनदा पाहिलं. पंकजा नोकरी सोडून कुठेही गेली नाही.

मित्रांनो, तुम्ही कोंबडीचं पिल्लू धराल, नवं रोप लावाल, धाकट्या बहिणीचा हात ओढाल. तेव्हा समोरच्याला किती सोसवतं ते आधी बघा. आणि जोर जास्त झालाच, तर कानिफनाथसारखं तोंड उघडून सांगा. मला बोलता आलं नाही, तुम्हाला येतं.