तांड्याचं पाणी

लालीबाईने कापसाचा ढीग हाताने थोपटला आणि पाहुण्यांना बसायला जागा केली. भाव कोसळले होते. दिग्रसचे व्यापारी भरल्या गाड्या परत पाठवत होते, आणि तांड्यातल्या घराघरात कापूस माणसांच्या जागेवर राहत होता. अनंतराव संकोचत टेकले. त्यांची मुलगी आभा दाराशीच उभी राहिली.

अनंतराव यवतमाळला नियोजन कार्यालयात आरेखक होते. जिल्ह्याच्या विकास योजनेचा नकाशा त्यांच्या हातचा. नकाशात नसलेल्या वस्तीला रस्ता मिळत नसे, आणि हा तांडा आजवर शेजारच्या गावातच मोजला गेला होता. अनंतरावांचा स्वतःचा एक नियम होता: जिथलं पाणी प्यायलो नाही, तिथला ठिपका काढायचा नाही. कार्यालयात त्याची थट्टा व्हायची. सुट्टीत नागपूरहून घरी आलेल्या आभाला त्या रविवारी त्यांनी बळेच सोबत आणलं होतं, फाट्यावर एसटीतून उतरून नाल्यातून चालत.

“नकाशात कायले पायजे, साहेब?” लालीबाई म्हणाली. “आमाले त अंधारातबी सापडते तांडा.”

“तुम्हाला सापडतो. दवाखान्याच्या गाडीला सापडत नाही.”

लालीबाई पाणी आणायला उठली.

“काढजा मंग. पन जरा मोठा काढजा.”

तिने पाणी दिलं. अनंतरावांनी डोळे मिटून पेला रिकामा केला आणि नाल्याला पूर कुठवर येतो ते पाहायला बाहेर गेले. आभाचा पेला लालीबाईने न विचारता पुन्हा भरला. आभाने तोही संपवला.

परतीच्या एसटीत आभाने पुस्तक उघडलं. अनंतरावांच्या स्वेटरला कापसाचे तंतू चिकटले होते. ती लहान असल्यापासून अशा प्रत्येक फेरीनंतर विचारत आले होते, तसं त्यांनी विचारलं,

“पाणी कसं होतं?”

“पाण्यासारखं,” पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली. तिचंही उत्तर नेहमीचंच होतं.

त्यांनी मान डोलावली, जणू तेही नोंद घेण्यासारखं होतं. मग त्यांना डुलकी लागली. यवतमाळ आल्यावर तिने त्यांच्या खांद्यावरचा एक तंतू उचलला. बाकीचे राहू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीसाठी पाणी तापत ठेवून अनंतराव खुर्चीत बसले. पाणी उकळून आटलं, तरी ते उठले नाहीत.

तेरावं झाल्यावर पुंडलिकराव आले. कार्यालयात त्यांचं टेबल अनंतरावांच्या टेबलाला लागून होतं. अनंतरावांनी काम करायला घरी आणलेला नकाशा अजून जेवणाच्या टेबलावरच पसरलेला होता, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. तो कोणी हलवला नव्हता. इतके दिवस घरातले सगळे खाली बसून जेवत होते.

नकाशा उद्या समितीपुढे जायचा आहे, तो न्यायला आलो, असं पुंडलिकराव म्हणाले. दोन वाट्या उचलल्यावर त्यांचं बोट दिग्रसच्या खाली एका कोऱ्या जागेवर थांबलं. इथल्या तांड्याचा अर्ज आला होता, अनंतराव स्वतः पाहून येणार होते. आता ठिपका आपणही देऊ शकतो, पण नकाशा त्यांचा आहे, असं काहीसं ते पुटपुटले.

“गेलते का ते तिथं?”

“गेले होते,” आभा म्हणाली. “मी होते सोबत.”

“पाणी?”

“प्यायले.”

अनंतरावांच्या नियमाची सगळ्यात जास्त थट्टा पुंडलिकरावांनीच केली होती. त्यांनी टेबलावरची अनंतरावांची पेन्सिल उचलली, टोक बोटावर टेकवून पाहिलं आणि ठिपका दिला.

“जरा मोठा काढा,” आभा म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं, आणि काही न विचारता तोच ठिपका पुन्हा गिरवायला घेतला. समोर खुंटीवर स्वेटर होता. आईने तो अजून धुवायला टाकला नव्हता. खांद्यावर, बाहीवर पांढरे तंतू तसेच होते.

“मचूळ होतं, बाबा,” आभा म्हणाली. “पण गार होतं. मी दोन पेले प्यायले.”