चवळीचं बी

मीनाबाईचं रान अर्ध्या एकराचं, पेठ वडगावच्या वाटेला, जोतीरामच्या चार एकरांना खेटून. दरसाल मका, आणि मक्याच्या दोन ओळींत एक ओळ चवळीची. ही चवळी बाजारात शोधून मिळायची नाही. बारीक, काळसर तांबडी, आणि शिजायला लागली की घरभर वास. सासूनं दिलेलं हे बी मीनाबाईनं बावीस वर्षं राखेत घोळून गाडग्यात जिवापाड जपलं होतं. निम्मं पेरायचं, निम्मं ठेवायचं, हा तिचा नेम. एखादं साल बुडालं तरी बी बुडायला नको.

खुरप्यानं तण काढायची भांगलण मात्र एकटीच्या हातची नसते. त्यासाठी पाच घरांचा पैरा होता. आज पाचही जणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. जोतीरामची बायको शालूबाई त्यात सगळ्यांच्या पुढं. हात चालायचा आणि तोंड त्याहून जास्त.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात जोतीरामनं मका पेरला आणि दुसऱ्याच दिवशी रानावर तणाचं औषध मारलं. तण उगवलंच नाही. मग शालूबाई कशाला कुणाच्या रानात वाकेल? तसं तोंडावर सांगायचं धाडस तिला झालं नाही, गुडघे धरलेत म्हणून निरोप आला. हे गुडघे बाजाराच्या दिवशी बरोबर सुटायचे. पुढं बाकीच्या तिघींनीही औषधच धरलं आणि पैरा कुणी न मोडता मोडला.

मीनाबाई एकटी खुरपं घेऊन बसली. चार दिवसांत चार ओळी झाल्या, तोवर पहिल्या ओळीत पुन्हा माठ-घोळीचं तण बोटभर वर आलेलं. ती अगदी रडकुंडीला आली.

जोतीराम माणूस वाईट नव्हता. उरलेला पुडा आणि पाठीवरचा पंप घेऊन तो आपण होऊन बांधावर आला. त्यानं औषध कालवून दिलं. मीनाबाईनं विचारलं, पिकाला काही होणार नाही ना?

"मक्याला काय बी व्हत न्हाय, मीनाक्का. बिनघोर मारा."

त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्या रानात नुसता मकाच असायचा. तणात दडलेली चवळी त्याच्या ध्यानातच आली नाही. आणि मीनाबाईनं सगळं रान सारखंच भिजवलं.

आठव्या दिवशी तण वाळलं. चवळीची पानंही कडेनं पिवळी पडत गेली आणि करपली. मका तेवढा हिरवागार उभा. मीनाबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गाडगं उतरवलं. पाऊस अजून होता, ओल होती, आत्ता टोकलं तर दसऱ्यापर्यंत शेंग लागेल, असा हिशेब तिनं मनाशी केला. आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. राखलेलं सगळं बी त्याच ओळींत टोकलं.

पाचव्या दिवशी कोंब वर आले. तिला हसू फुटलं. दहाव्या दिवशी पानांच्या कडा पिवळ्या पडल्या.

जोतीराम आला. त्यानं मातीत बोट घालून पाहिलं. मग घरी जाऊन पुड्यातला कागद घेऊन आला आणि अक्षर लावत वाचला. वाचून झाल्यावर त्याला तिच्याकडं बघवेना.

"औषध मातीत ऱ्हातंय, आक्का. ह्या हंगामात हितं चवळी न्हाय यायची. बी हाय न्हवं घरात?"

मीनाबाईनं मान हलवली. नाही.

त्या दिवशी ती दारोदार फिरली. कुणाकडं मूठभर, चिमूटभर तरी ते बी असेल म्हणून. शेवटी शालूबाईच्या दारात उभी राहिली. शालूबाईनं तिला पाणी दिलं, शेजारी बसवलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"कुणाकडं असंल, मीना? तू कधी कुणाला दिलंस? मी दोनदा मागितलं, तर म्हणालीस, बी घराभाईर गेलं की बरकत जाती."

मीनाबाईला राग आला नाही. तिनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि ती घराकडं निघाली.