गाळाचा थर

सकाळपासून अनुपमाच्या जिवाला थारा नव्हता. अकरा वाजता पंच शाळेचं मैदान बघायला येणार होते. पाणी साचलेलं दिसलं की मुलींचे दुपारचे फुटबॉल सामने मानवतहून परभणीला हलणार, आणि तिच्या संघातल्या सातजणींना घरचे तेवढ्या लांब धाडणार नव्हते. शाळेतली खेळाची शिक्षिका तीच; मुलींना शब्दही तिनंच दिलेला.

पाऊस परवाच थांबला होता, तरी गोलच्या खांबांजवळ पाणी तसंच. मैदानात खाली खडी, वर हातभर वाळू. मग पाणी अडतंय कुठं?

श्रावण लागल्यापासून ती रोज काळ्या मातीचं शिवलिंग करी आणि संध्याकाळी बेलाच्या कुंडीत विसर्जन करी. आज पूजेचं पाणी तिनं कुंडीत ओतलं, तर ते वरच राहिलं. बोट खुपसलं. वर बोटभर काळा चिखल, खाली वाळूमिश्रित माती कोरडी ठणठणीत. वीस दिवसांचा थर, तिच्याच हातानं घातलेला.

ती तशीच उठली. उन्हाळ्यात सासऱ्यांनी, धोंडप्पांनी, शेतात टाकतात तसा तळ्यातला गाळ मैदानावर पसरवला होता. गवत काय तरारलं! साऱ्या मानवतनं कौतुक केलं.

"अप्पा, जरा मैदानावर येता?"

"आधी फराळ कर की."

"पाणी उतरल्याबिगर न्हाई खाणार."

"आता हा कोणता नवा उपास काढला, बाई?"

मैदानावर तिनं खुरप्यानं ढेकूळ काढलं. गाळ दाबला तर बोटांतून पाणी आलं. खालची वाळू मात्र मुठीतून भुरभुर सांडली.

"गाळ पाणी धरून बसलाय, अप्पा. खाली सोडंना."

"म्हंजी माझ्याच गाळानं घात केला म्हण की! अन् मी गावभर गवत दाखवत फिरायलोय."

अनुपमानं आवाज खाली आणला. "शेतात तो सोनंच हाय. इथं पोरींना पळायचंय."

धोंडप्पांनी ते ढेकूळ हातात घेऊन दाबून बघितलं. तिला वाटलं, आता निघून जातील. पण त्यांनी धोतर खोचलं.

"बघत काय उभी? पहार आण."

ते गाळाच्या आरपार भोकं पाडत गेले, ती बुजू नयेत म्हणून ती त्यांत कोरडी वाळू भरत गेली. एकेका भोकातून बुडबुडे आले. पाण्याच्या कडेला तिनं काडी रोवली होती. दर दोन मिनिटांनी ती काडीकडं धावे. पाणी हलत होतं, पण किती सावकाश!

फाटकाशी पंचांची जीप वाजली.

"तू जा," अप्पा म्हणाले. "च्या दे त्यांना. लय गरम दे. फुंकून फुंकून पिऊ दे."

चहा संपला. पंचांनी गोलाजवळ बूट रोवून बघितला. वर चिखल लागला, पाणी आलं नाही.

"दोनला सामने सुरू करा," ते म्हणाले.

"आता तरी खा," अप्पा म्हणाले.

"आले," म्हणत अनुपमा पहार घेऊन पलीकडच्या गोलाजवळचा गाळ फोडायला निघालीसुद्धा.