चित्राला न दिसणारं फोल्डर

गुरुवारी अकरा वाजता आमच्या नौपाड्यातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात इतकी गर्दी, की शेजारच्या दातांच्या दवाखान्यातले पेशंटही गाल धरून आत घुसलेले. टेबलावर काळा डबा, त्याला झेंडूचा हार. हा डबा म्हणजे सर्व्हर. ऑफिसचे सगळे नकाशे त्यात राहतात आणि जो तो आपल्या टेबलावरून ते उघडतो. डब्यासमोर विठ्ठलवाडीचे यंत्रानंद गुरुजी डोळे मिटून बसलेले.

"डेटा म्हणजे लक्ष्मी! अशुभ सावली पडली की ती लपते. सर्व्हरचं मूलाधार चक्र ब्लॉक झालंय."

"चक्र की पंखा?" मी विचारलं. मी आसावरी, इथे एकतीस वर्षं नकाशे काढतेय. कुणी हसलं नाही.

चित्राचा नवरा महिन्यापूर्वी गेला. चौदा दिवसांनी ती कामावर आली, तर तिच्या स्क्रीनवरून 'चालू कामं' हे फोल्डरच गायब! बाकी सगळ्यांना दिसतं, हिलाच नाही. नकाशे नाहीत म्हणजे काम नाही. सासू अंथरुणाला खिळलेली, घरात कमावणारी ही एकटी. आणि ऑफिसात कुजबुज सुरू झाली, 'तिची सावली'. शिकलेली माणसं हो ही! मग सर्व्हर सांभाळणाऱ्या विनीतने शांती करायला गुरुजींना आणलं. गुरुजी त्याचे सख्खे मामा.

गुरुजींनी चित्राला शेजारच्या टेबलावरच्या हेमांगीच्या खुर्चीत बसवलं. "स्वतःच्या नावाने आत ये, मुली." तिने नाव, पासवर्ड टाकला. फोल्डर नाही. मग त्याच खुर्चीत हेमांगी बसली, तिने तिचं नाव टाकलं. फोल्डर हजर!

"अगं बाई!" सगळ्यांनी हात जोडले. आमचे मालक महिपतरावसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. "थांबा! चित्रा, बस परत. आता माझ्या नावाने आत जा." मी पासवर्ड सगळ्यांदेखत मोठ्याने सांगितला. फोल्डर उघडलं.

"हात तिचे, सावली तिची. मग आता का नाही लपली तुमची लक्ष्मी?"

गुरुजी जपमाळ ओढायला लागले.

"विनीत, परवानग्यांची यादी उघड."

"मॅडम, ते टेक्निकल आहे..."

"उघड रे मुकाट्याने!"

यादीत दोन गट होते. 'स्टाफ' या गटाला फोल्डर बघू द्यायचं. 'रजेवर' या गटाला नाकारायचं, कारण रजेवरच्या माणसाने घरून फायली उघडू नयेत असा महिपतरावांचा नियम. 'रजेवर'मध्ये एकच नाव, चित्राचं. एखाद्याचं नाव दोन्हीकडे असलं की नकार जिंकतो. आणि जे उघडायची परवानगी नाही ते फोल्डर दिसूच नये, अशी सोय करून ठेवलेली.

"ती परत आल्यावर नाव काढायचं विसरलेलो," विनीत पुटपुटला. "सर ओरडले असते."

म्हणून मामा! ओरडा खायला नको म्हणून एका बाईला अशुभ ठरवून मोकळा झाला. त्याने नाव काढलं, चित्रा स्वतःच्या नावाने पुन्हा आत गेली आणि फोल्डर आलं. ती सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय! "बघा, शांतीचं फळ!" गुरुजी गरजले आणि लोक पाया पडायला लागले. दातवाले पेशंटसुद्धा.

महिपतराव हळूच चित्राला म्हणाले, "तुझी काही चूक नाही गं. पण क्लायंट येतात, लोक बोलतात. वर्ष होईपर्यंत घरीच थांब."

मी भांडले, घसा बसेपर्यंत भांडले. शेवटी चित्रानेच जेवणाचा डबा पिशवीत टाकला. "जाऊ द्या ताई. आज फोल्डर दिसलं. उद्या एसी बंद पडला तरी माझंच नाव येईल."

ती गेल्यावर मी यादी पुन्हा बघितली. तिचं नाव आता 'स्टाफ'मधूनही काढलेलं होतं. या वेळी विनीत विसरला नव्हता. दहा मिनिटांत काम केलं होतं.

सर्व्हरला अजून दर गुरुवारी ताजा हार पडतो. मी तो काढते, कुणीतरी परत घालतं. बाबांनो, एखादी गोष्ट एकीलाच दिसत नसेल तर तिचं कपाळ बघू नका, यादी बघा. तिचं नाव कुणी कुठे घातलंय ते विचारा. मी विचारलं होतं. उत्तर सगळ्यांनी ऐकलं. चित्राच्या खुर्चीत आता दुसरी मुलगी बसते, आणि तिला सगळी फोल्डरं दिसतात.